उलट्या हाताने गोल्फ खेळणाऱ्या पापवाने स्पर्धा जिंकली, पण ट्रॉफी त्याला क्लबच्या बाहेर भर पावसात देण्यात आली

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत कुणी शिवशंकर म्हणून हाक मारली तर चार-दोन माणसं तरी वळून बघतील. वैनगंगेच्या काठावर शंकराचं इतकं जुनं देऊळ असल्यावर हे नाव आपल्याला घरचंच. पण याच नावाच्या एका माणसाने गोल्फमध्ये गोऱ्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कागदपत्रांत त्याचं नाव सेवसंकर सेवगोलम असं झालं. म्हणजे आपला शिवशंकर शिवगुलाम. लोक मात्र त्याला पापवा म्हणायचे.

उसाच्या मळ्यांत राबायला 1860 पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेटाल प्रांतात नेले जात होते. त्यातून डर्बनच्या आसपास भारतीयांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पापवा अशाच एका वस्तीत गरिबीत वाढला. लिहिता-वाचता येत नव्हतं. लहान वयातच तो बीचवूड क्लबवर कॅडी झाला, म्हणजे गोऱ्या खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायची. खेळ तो बघून बघून शिकला आणि शिकताना हात उलटे बसले.

उलटे म्हणजे कसे? क्रिकेटची बॅट आठवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात दांड्यावर वर असतो आणि उजवा खाली. गोल्फलाही तसंच. पापवाचा उजवा हात वर आणि डावा खाली. गल्लीत कुणी अशी बॅट धरली तर पहिल्याच बॉलला त्याला हात नीट धर म्हणून ओरडा बसतो. लांबच्या फटक्याला ही पकड अवघडच, मनगटं वळवायला जागा मिळत नाही. पापवा मात्र लांबचा फटका असो की जवळचा, सगळं असंच मारायचा.

गंमत म्हणजे, चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा असतो, त्या पटिंगमध्ये हीच पकड आता जगभर वापरतात. पट चुकतो तो अनेकदा डावं मनगट ऐनवेळी मोडतं म्हणून. डावा हात खाली आला की ते मनगट सरळ राहतं आणि खांदेही एका पातळीत येतात. अमेरिकेच्या जॉर्डन स्पीथने 2015 साली मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकल्या, तेव्हा तो पट असेच मारत होता. तुम्ही खेळत असाल तर तीन-चार फुटांवरून दहा चेंडू असे मारून बघा.

पापवाच्या मदतीला आला ग्रॅहम वुल्फ. आज ओले नावाने विकलं जाणारं क्रीम बनवणारा हाच तो माणूस. 1959 मध्ये तो पापवाला युरोपला घेऊन गेला आणि पापवाने त्याच वर्षी डच ओपन जिंकली. 1960 ला पुन्हा, 1964 ला तिसऱ्यांदा.

घरी मात्र वर्णभेदाचे कायदे. गोऱ्यांच्या स्पर्धेत खेळायचं तर सरकारची खास परवानगी हवी. 1963 मध्ये ती मिळाली आणि पापवाने नेटाल ओपन जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस सुरू झाला. गोरे खेळाडू क्लबहाउसमध्ये कोरडे. भारतीयाला आत प्रवेश नाही, त्यामुळे विजेत्याच्या हातात ट्रॉफी बाहेर, पावसात ठेवली गेली. तो फोटो जगभर गेला. दक्षिण आफ्रिकेवर क्रीडा बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना आणखी वेगळा पुरावा द्यावा लागला नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश ओपनमध्ये तो संयुक्त तेरावा आला. मग 1965 ची नेटाल ओपन. यावेळी समोर गॅरी प्लेअर होता, त्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम गोल्फपटूंपैकी एक आणि त्याच देशाचा. पापवाने त्यालाही मागे टाकलं.

सरकारने 1966 मध्ये पापवाच्या परवानग्या बंद केल्या. वय चाळीसच्या आतलं, खेळ ऐन भरात, आणि खेळायला स्पर्धाच नाही. दुसरं काही काम करावं इतकं शिक्षणही नव्हतं. 1978 साली हृदयविकाराने तो गेला तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती आणि हातात पैसा नव्हता.

डर्बनमध्ये आज एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्याचं नाव आहे, पापवा सेवगोलम गोल्फ कोर्स.