लक्ष्मणराव किर्लोस्कर : नियम कुठे लावायचा, मोकळीक कुठे द्यायची



जूनमध्ये शाळा उघडते आणि चार-पाच दिवसांत २० जून येतो. त्या दिवशी लक्ष्मणराव किर्लोस्करांची जयंती असते. परिपाठात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण आपल्या मुखेड भागातल्या लेकरांना किर्लोस्कर म्हणजे काय असं विचारून बघा. विहिरीवरची मोटार, असं उत्तर लगेच येतं. ते उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. मोटारीच्या आधी नांगर होता, नांगराच्या आधी सायकल होती, आणि सायकलीच्याही आधी एक मास्तर होता. होय, लक्ष्मणराव आपल्याच पेशातले.

हे चरित्र आज निवडण्याला एक कारण आहे. आपल्याला वरून नमुने येतात, परिपत्रकं येतात, वेळापत्रक येतं. त्याच वेळी वर्गात चाळीस वेगवेगळी लेकरं समोर बसलेली असतात आणि तिथे आपलंच डोकं चालवावं लागतं. नियम किती पाळायचा आणि स्वतःच्या मनाने किती करायचं, हा प्रश्न रोजचा आहे. पुण्याला कंपनीत लागलेली आपली माजी मुलंही सुट्टीला गावी आली की हेच बोलतात. सगळं ठरवून दिलेलं असतं, आपलं काही चालतच नाही, म्हणतात. लक्ष्मणरावांनी या प्रश्नावर पुस्तक लिहिलं नाही, भाषणंही दिली नाहीत. त्यांनी एक गाव वसवलं.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरची रीत शास्त्र-पोथ्यांची, आणि या मुलाचं लक्ष चित्रात आणि यंत्रात. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची बाजू उचलली म्हणून १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथे दोन वर्षांनी कळलं की काही रंगांमधला फरक त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या वाट्याला हे यावं! पण यंत्राचं रेखाटन करायला रंग लागत नाहीत, रेघ लागते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवायला लागले. मुलांना शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून स्वतःही शिकले. आपल्यातल्या पुष्कळांचं असंच असतं, शिकवायला लागल्यावरच खरं शिकणं सुरू होतं.

मग बढतीची जागा आली. काम लक्ष्मणरावांचं होतं, हक्कही त्यांचाच होता, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्या राज्यात कातडीचा रंग पाहून वरची खुर्ची ठरत असे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला. बायका-मुलांचा संसार पाठीशी असताना ठरलेला पगार सोडणं किती अवघड असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बेळगावात दुकान तयारच होतं. १८८८ पासून दोघे भाऊ सायकलींचा धंदा करत होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. एक सायकल ७०० ते १००० रुपयांना! सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. त्या काळी ही श्रीमंतांची हौस होती. पण दुसऱ्याचा माल विकण्यात लक्ष्मणरावांचं मन रमेना. त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याला मागासलेला म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्याचं सगळं वर्ष एका शेतावर अवलंबून असतं, तो नव्या वस्तूला लगेच हात लावत नाही, यात चूक काय?

धंदा जरा उभा राहतो न राहतो तोच बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला. नवी वसाहत करायची आहे, जागा खाली करा. म्हणजे बघा, एकदा संस्थेच्या नियमाने बढती गेली आणि आता पालिकेच्या नियमाने जागा गेली. अशा माणसाला नियम या शब्दाचीच चीड बसायला पाहिजे. नाहीतर उलटं होतं, पुढे मालक झाल्यावर तो आपले नियम तितक्याच कडकपणे दुसऱ्यावर लादतो. छळ सोसलेली सून सासू झाली की काय करते, ते आपण गावोगाव पाहतो. लक्ष्मणराव या दोन्ही वाटांनी गेले नाहीत, म्हणून पुढचा भाग जरा सावकाश सांगतो.

औंध हे तेव्हा सातारा भागातलं छोटं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणी माणसांची पारख असलेले. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधात एक सभामंडप बांधायचं काम दिलं, १०,००० रुपये कर्ज दिलं आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नागांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणरावांनी त्या माळावर बस्तान बसवलं. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात येते.

आता त्यांनी माणसं कशी नेमली ते पाहा. कारभार आणि आखणी रामूअण्णांकडे. यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांकडे. हिशेब आणि कारकुनी, दोन्ही मंगेशराव रेगे यांच्याकडे. के. के. कुलकर्णी यांच्याकडे काय, तर उरलेलं सगळं! कोणत्याच खात्यात न बसणारी जी कामं असतात ती त्यांनी निस्तरायची. प्रत्येक शाळेत असा एक माणूस असतो बघा. त्याच्या कामाला नाव नसतं, पण तो रजेवर गेला की शाळा अडते. लक्ष्मणरावांनी अशा माणसाला ओळखलं आणि त्याच्या कामाला मान दिला.

अनंतराव फळणीकर यांची गोष्ट तर आपण शिक्षकांनी दोनदा वाचावी. त्यांचं शालेय शिक्षणही पूर्ण झालं नव्हतं. आजच्या कुठल्याही जाहिरातीत पात्रतेच्या पहिल्याच ओळीला ते बाद झाले असते. वाडीत ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले गेले. शाळेने ज्याला सोडून दिलं त्याचं डोकं कारखान्यात चाललं, कारण तिथे गुणपत्रिका न पाहता हात पाहिला गेला.

आणि तुकाराम रामोशी. दरोडेखोर म्हणून शिक्षा झालेला माणूस. लक्ष्मणरावांनी त्याला आणि त्याच्यासारख्याच आणखी एकाला वाडीच्या राखणीला ठेवलं. हा काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. माणूस चोर आहे असं धरून चालायचं आणि मग त्याच्यावर पहारा ठेवायचा, असा तो नियम. लक्ष्मणरावांनी पहाराच त्याच्या हाती दिला. ते रखवालदार विश्वासाला उतरले.

मग वाडीत नियम नव्हते का? होते, आणि एक फार कडक होता. अस्पृश्यता चालणार नाही. १९१० च्या सुमाराला हा नियम म्हणजे लहान गोष्ट नव्हती. कामाला येणारा प्रत्येक जण आपल्या गावाची शिवाशिव सोबत घेऊन येत असे. तिला तो आपला धर्म समजे, आपल्या घरातली गोष्ट समजे. तिथे मालकाने नाक का खुपसावं, असं कुणाच्याही मनात आलं असेल. मोकळीक म्हणजे ज्याला जे वाटेल ते करू देणं, असा अर्थ घेतला तर हा नियम मोकळिकीच्या विरुद्धच जातो. पण एकाच्या त्या मोकळिकीने दुसऱ्याचं पाणी बंद होत होतं, सावलीसुद्धा बंद होत होती. म्हणून इथे मालकाने नियम लावला. मला स्वतःला लक्ष्मणरावांच्या चरित्रात नांगरापेक्षा हा नियम मोठा वाटतो.

दुसरा नियम मापाचा. तो यंत्रकामात आपोआपच येतो. नांगराचा फाळ झिजला की शेतकरी फक्त फाळ बदलतो. नवा फाळ जुन्या नांगराला बसायचा असेल तर दोन्ही कागदावरच्या त्याच रेघेतून निघाले पाहिजेत. तिथे कारागिराची मर्जी चालत नाही. पण भुसा उडवत बसलेल्या सुताराला रंधा कसा धरावा हे शिकवायला उभं राहायचं नसतं. वस्तू कशी हवी हे मालकाने पक्कं सांगावं आणि ती करायची रीत करणाऱ्यावर सोडावी. आपल्या भाषेत सांगायचं तर अध्ययन निष्पत्ती ठरलेली हवी, पण भागाकार चिंचोक्यांनी शिकवावा की बाजाराच्या हिशेबाने, हे त्या वर्गातल्या बाईंना किंवा सरांना ठरवू द्यावं.

पहिल्या महायुद्धात या रीतीची परीक्षाच झाली. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगही मिळेना. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि तोफांचे नांगर झाले. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा आला. अशा वेळी ठरलेल्या चाकोरीत काम करणारा माणूस हात वर करतो. ज्याला आधीपासून स्वतःचं डोकं चालवायची सवय असते, तोच वाट काढतो. ही सवय काही युद्ध सुरू झाल्यावर लावता येत नाही.

त्याच सुमाराला अमेरिकेत काय चाललं होतं तेही पाहू. हेन्री फोर्डने १९१४ साली कामगारांना दिवसाला ५ डॉलर द्यायला सुरुवात केली. जगभर बोलबाला झाला. पण त्यासोबत कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जायला लागली. घर नीट ठेवतो का, दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, हे सगळं पाहून मग पूर्ण पैसे. पगार चांगला, पण उंबरठ्याच्या आतही कंपनी.

इथे लक्ष्मणरावांकडेही डोळे झाकून पाहायला नको. वाडी तरी शेवटी कारखान्याचीच होती. काम देणारा तोच आणि डोक्यावरचं छप्पर देणाराही तोच. अशा गावात कामगाराला मालकाशी भांडायचं झालं तर तो कशाच्या बळावर भांडणार? मालक चांगला असेल तोवर ठीक, पण चांगुलपणा काही नियमात लिहिलेला नसतो. वाडीचं कौतुक करताना पुष्कळ लेखक ही बाजू सोडून देतात. मुलांना चरित्र सांगताना आपण ती सोडू नये असं मला वाटतं. सहावी-सातवीची मुलं हा प्रश्न बरोबर पकडतात.

मोकळिकीचा आणखी एक नमुना सांगायचा राहिला. १९२० साली वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं मासिक निघालं. कारखान्याचं मासिक म्हटल्यावर त्यात काय असणार, आपल्या नांगराची आणि चरकाची माहिती. ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या हाती होतं. शंकररावांनी त्याचं रूपच बदललं. त्यात गोष्टी आल्या, विचार आले, जुन्या रूढींवर सडकून टीका आली. १९३० साली त्यांनी बायकांसाठी स्त्री काढलं आणि १९३४ साली मनोहर. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या मासिकात रूढींवर टीका करणं म्हणजे गिऱ्हाईक नाराज करणं. व्यापारी हिशेबाने हे थांबवायला हवं होतं. ते थांबवलं गेलं नाही, आणि मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्या मासिकांवर वाढल्या.

कारखाना वाढत गेला. चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप निघाले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून आले आणि हळूहळू सूत्रं पुढच्या पिढीकडे गेली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. म्हातारपणी लक्ष्मणरावांना तेही पाहावं लागलं. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीच्या वेळी, २० जून १९६९ ला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. वर्गात दाखवायला ते फार उपयोगी पडतं. त्याच्यासोबत महाराष्ट्राचा रेल्वेचा नकाशाही फळ्यावर लावा आणि मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर मुलांना कुंडल रोड हे स्टेशन शोधायला सांगा. ते सापडणार नाही. त्या जागी आता किर्लोस्करवाडी असं नाव आहे.