चिंध्या, देठ आणि ब्राकोनो

मृगाचा पाऊस सुरू झाला की खानापूरच्या बाजूने आमच्या बेळगावात रानातली अळंबी विकायला येते. आम्ही अळंबी म्हणतो, आमचे कन्नड मित्र अणबे म्हणतात. कढई मात्र दोन्ही घरांत तितक्याच लवकर रिकामी होते. माझे मामा भाताच्या पिंजरावर धिंगरी अळंबी पिकवतात. छत्र्या बाजारात जातात आणि कडक देठ उकिरड्यावर. गेल्या सुट्टीत मामांनी ते देठ वाळवून दळले, पुड्या भरल्या आणि मी कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून लेबल लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले. या पुडीने कोलेस्टेरॉल हमखास उतरते, असे त्यावर लिहायचे होते. पहिली पुडी माझ्या वडिलांसाठी होती. डॉक्टरांनी त्यांना रोजची गोळी दिलेली आहे. पुडी मिळाली की गोळी बंद, असे ते म्हणू लागले. मी घाबरलो. खरेखोटे विचारायला रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो, तर त्यांनी मला एका फ्रेंच माणसाचे चरित्र वाचायला सांगितले. ते होते आन्री ब्राकोनो.

ब्राकोनो यांचा जन्म १७८० साली फ्रान्सच्या लोरेन प्रांतात झाला. गावाचे नाव कॉमेर्सी. मला कॉमर्सवाल्याला हे नाव वाचून उगाचच जवळीक वाटली! सात वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. तेराव्या वर्षी नान्सी शहरात एका औषधविक्याच्या हाताखाली ते उमेदवारी करू लागले. देशात राज्यक्रांतीची धामधूम चालू होती. पंधराव्या वर्षी ते स्ट्रासबर्गच्या लष्करी इस्पितळात औषधे बनवण्याच्या कामावर गेले. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने ऐकली. पण पॅरिसच्या झगमगाटात ते रमले नाहीत. ते नान्सीला परतले, १८०७ साली तेथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत त्याच गावात राहिले.

१८११ साली त्यांनी अळंबी तपासायला घेतली. पाण्याने व सौम्य अल्कलीने विरघळणारे सारे काढून टाकल्यावरही मागे एक चिवट पदार्थ उरत होता. तो लाकडाच्या धाग्यासारखा दिसे, पण गुणाने वेगळा होता. दुसऱ्या कोणी तो चोथा म्हणून फेकला असता. ब्राकोनो यांनी त्याला फंजिन हे नाव दिले. पुढे १८२३ साली ओदिए यांना किड्यांच्या कवचात असाच पदार्थ सापडला. त्यांनी दिलेले कायटिन हे नाव टिकले, पण शोधाचा पहिला मान ब्राकोनो यांचाच.

उरलेसुरले तपासण्याची त्यांची खोड पुढेही सुटली नाही. १८१९ साली त्यांनी जुन्या कापडाच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा यांवर गंधकाम्ल घालून त्यांची साखर केली. नवल असे की, साखरेचे वजन चिंध्यांपेक्षा जास्त भरले. जमाखर्चाच्या वहीत अशी नोंद दिसली असती तर आमच्या अकाउंट्सच्या सरांनी चूक म्हणून लाल रेघ मारली असती. पण वाढलेले वजन पाण्याचे होते, हिशेब बरोबर होता. १८२० साली त्यांनी सरसावर तोच प्रयोग केला आणि एक गोड स्फटिक मिळवला. आज त्याला ग्लायसिन म्हणतात. १८५५ साली नान्सीलाच त्यांचे निधन झाले.

आता या चरित्राचा मामांच्या पुडीशी संबंध काय? आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि त्यांतील बऱ्याच पित्ताम्लांना ग्लायसिन जोडून ती आतड्यात सोडते. काम झाल्यावर बहुतेक पित्ताम्ले पुन्हा यकृताकडे परततात. कायटिन तीव्र अल्कलीत तापवले की कायटोसान हा पदार्थ होतो. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि मळावाटे बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्ले करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलावे लागते. म्हणजे ब्राकोनो यांच्या १८११ आणि १८२० च्या दोन शोधांची गाठ आपल्याच पोटात पडते! आपण कायटोसान फारसा पचवू शकत नाही, आणि नेमका हाच त्याचा उपयोग.

तो बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून काढतात. अळंबीच्या देठांतून काढला तर शाकाहारी माणसालाही चालतो आणि टाकाऊ मालाला किंमत येते. पण नुसते देठ दळून भागत नाही. गरम पाण्यात उकळून बीटा-ग्लुकान वेगळे करायचे, सौम्य अल्कलीने प्रथिने काढायची, उरलेले तीव्र अल्कलीत तापवायचे, मग सौम्य आम्लात कायटोसान विरघळवून पुन्हा साक्याच्या रूपात मिळवायचा, एवढा तो खटाटोप आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली कायटोसानचा हा गुण मान्य केला, तो रोज ३ ग्रॅम शुद्ध कायटोसान घेतला तर. मामांच्या पुडीत त्यातले काय आणि किती, हे कोणीच मोजलेले नव्हते.

ब्राकोनो यांनी टाकाऊ वस्तूला हिणवले नाही, तसेच तिचे खोटे कौतुकही केले नाही. आधी वजन केले, मग लिहिले. मी लेबलावर एवढेच लिहिले: वाळवलेल्या धिंगरीच्या देठांची पूड, आमटीत व सारात घालण्यासाठी. मामा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पुड्या कमी खपल्या, हेही खरे. पण बाबांची गोळी चालू आहे, आणि रविवारच्या आमटीत ते ती पूडही आवडीने घालून घेतात.

कॉस्टिंगच्या तासाला टाकाऊ मालाचा रकाना आला की आता मला नान्सीचे ते उद्यान आठवते. त्या रकान्यात शून्य लिहिण्यापूर्वी मी थोडा थांबतो. आणि शून्याच्या जागी आकडा लिहायचा झाला, तर त्याहून जास्त थांबतो.