सार्वजनिक काका आणि अर्जाची प्रतिष्ठा

नागरिकाने अर्ज करावा आणि सत्तेने त्याला उत्तर द्यावे, हा व्यवहार वरवर पाहता अगदी साधा आहे. तथापि राज्यकारभाराची खरी कसोटी या साध्या व्यवहारातच लागते. महाराष्ट्रात या व्यवहाराला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला काकांचे चरित्र दीडशे वर्षांपूर्वीचे म्हणून दूरचे वाटण्याचे कारण नाही. पुण्याहून मुंबई सरकारच्या दाराशी जाणारा लोहमार्ग काकांच्या काळीही बदलापूर आणि अंबरनाथ ओलांडूनच जात होता. आणि अर्ज कोठे अडतो, हा काकांपुढचा प्रश्न आजही या पट्ट्यात जिवंत आहे.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्याचा. आरंभी न्यायखात्यात नोकरी करून त्यांनी सरकारी दप्तराची रीत आतून पाहिली. पुढे पुण्यास येऊन वकिली सुरू केली. वकील म्हणून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असली पाहिजे. एकट्यादुकट्या माणसाची तक्रार कितीही न्याय्य असली तरी दप्तरात ती एकाकी पडते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या मनात असंतोष होता, तेव्हा हाच अनुभव आला. गाऱ्हाणे सर्वांचे, परंतु सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? सरकारने हा प्रश्न विचारला असता त्याला उत्तर नव्हते. ते उत्तर निर्माण करण्यासाठी २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली.

या सभेची घटना मुळातून पाहण्यासारखी आहे. सभासद होण्यासाठी केवळ वर्गणी पुरेशी नव्हती. निदान पन्नास प्रौढ माणसांनी आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दिल्याचा सहीचा मुखत्यारनामा प्रत्येकाला आणावा लागे. आणि ती पन्नास माणसे कोणत्या जातीची वा धर्माची असावीत, यावर बंधन नव्हते. सुमारे सहा हजार लोकांनी दिलेल्या अशा अधिकारावर पंचाण्णव सभासद उभे राहिले. देशात मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता, कायदेमंडळात लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हता, अशा काळात काकांनी वकिलीतला एक नित्याचा कागद उचलला आणि त्याचे प्रातिनिधिक संस्थेत रूपांतर केले. अर्जाखाली सही कोणाची आहे याइतकेच त्या सहीमागे कोण उभे आहे, हे महत्त्वाचे असते, हा काकांचा पहिला धडा होय.

दुसरा धडा माहितीचा. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बदलून पुण्यास आले आणि सभेला असामान्य बुद्धीचा आधार मिळाला. काकांची खटपट आणि रानड्यांचा अभ्यास यांचा मिलाफ झाला. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सभेने उपसमिती नेमली, सारा आणि कर्ज यांविषयी माहिती गोळा केली आणि १८७३ मध्ये अहवाल सिद्ध केला. अर्ज म्हणजे विनवणी नव्हे. ती पुराव्यासह केलेली मांडणी असते, ही दृष्टी येथे रुजली. याच सुमारास, १२ जानेवारी १८७२ रोजी, काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि हाताने कातलेल्या सुताचे कपडे वापरण्यास आरंभ केला. जे मागावयाचे ते स्वतः आचरून दाखवावयाचे, हा त्यांचा स्वभावच होता.

तिसरा धडा मात्र कटू आहे. १८७५च्या सुमारास सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. हिंदुस्थानच्या लोकांना कॉमन्स सभेत आपले प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क मिळावा, ही त्यातील मागणी. पार्लमेंटकडे अर्ज करण्याचा प्रघात येथे नवा नव्हता. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने तो घालून दिला होता. परंतु ज्या सभागृहाच्या दारात हे अर्ज जात होते, त्याने स्वतःच अर्जांभोवती कुंपण घातले होते. १८४२ मध्ये चार्टिस्ट चळवळीचा तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कॉमन्सने ऐकून घेण्यासही नकार दिला. आणि त्याच वर्षीच्या नियमांनी, अर्ज सादर होताना त्यावर चर्चा करण्याची मुभा जवळजवळ संपुष्टात आणली. अर्ज घेतला जाई, नोंदला जाई, आणि बहुधा तेथेच त्याचा प्रवास संपे. पुण्याची मागणी मान्य झाली नाही. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी कॉमन्समध्ये गेले, ते लंडनच्या मतदारांनी निवडून दिले म्हणून.

अर्जाचा मार्ग खुंटला म्हणजे काय होते, हे काकांना घराजवळच पाहावे लागले. सभेच्या अहवालाला दोन वर्षे होतात न होतात तोच, मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. सावकारांच्या घरांवर जमाव चालून गेले, कर्जरोख्यांची होळी झाली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. मग सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जाच्या जाचातून दिलासा देणारा कायदा झाला. शेतकऱ्याच्या दुःखाची मांडणी कागदावर आधीच झालेली होती. दखल पुरती घेतली गेली ती आगी लागल्यावर. सरकारचा वेळ वाचला नाही आणि लोकांचे नुकसान टळले नाही.

तरीही काकांनी अर्जाची वाट सोडली नाही. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात सभेच्या प्रतिनिधींनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली आणि ती सरकारपुढे ठेवली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबार भरला. राजेरजवाड्यांच्या जरतारी गर्दीत काका आपल्या जाड्याभरड्या देशी वस्त्रांत उपस्थित राहिले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजाजनांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, ही मागणी सभेच्या वतीने मांडली गेली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला भरला गेला. फडक्यांचा मार्ग सशस्त्र बंडाचा, काकांचा सनदशीर. पण आरोपीची बाजू ऐकली गेलीच पाहिजे या निष्ठेने, सरकारचा रोष दिसत असताही, काका त्यांच्या बचावासाठी पुढे झाले. जुलै १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १८९७ मध्ये, सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. उत्तर देणे सत्तेच्या मर्जीवर असले, की ती मर्जी एके दिवशी संपते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता असावा?

आज राज्य परक्यांचे नाही. केंद्रीय कायदेमंडळात अर्जांसाठी समिती नेमण्याची प्रथा १९२४ पासूनची आहे. लोकसभेची याचिका समिती पंधरा सदस्यांची, राज्यसभेची दहा सदस्यांची. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही विनंती अर्ज समितीची व्यवस्था आहे. समिती साक्षी घेऊ शकते, खात्याला जाब विचारू शकते. परंतु तिच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. लोकसभेपुढे अर्ज सादर व्हावयाचा तर तो एखाद्या सदस्यामार्फत जावा लागतो. आणि हिंदी वा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असल्यास सोबत त्यांपैकी एका भाषेतील भाषांतर जोडावे लागते. उल्हासनगरच्या सिंधी वृद्धाला आणि बदलापूरच्या मराठी गृहिणीला आपले गाऱ्हाणे प्रथम परभाषेत न्यावे लागते. एकाच लोहमार्गावरची ही शहरे, पण उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात, तर बदलापूर भिवंडी मतदारसंघात. गाडीतील गर्दी एक असली तरी खासदार दोन.

मग लोक जातात कोठे? वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाची कैफियत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली. १९४९ मध्ये निर्वासितांसाठी वसलेल्या उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न वर्षानुवर्षे साचत गेला. उच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिल्यावर, २००६ मध्ये राज्याला नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करणे भाग पडले. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले. शाळेतील दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला, याचा तो संताप होता. पुढे उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. ती तक्रार संसदेकडची नव्हती, पोलिसांकडची होती, हे खरे. पण दाराशी आलेल्या माणसाचे ऐकले जाईल हा विश्वास एका कार्यालयात उडाला, की तो सगळ्याच कार्यालयांवरून उडतो. सुप्याच्या उद्रेकाचा धडा हाच होता.

हे टाळावयाचे तर काकांच्या पद्धतीला आज नियमांची जोड दिली पाहिजे. अर्ज मातृभाषेत स्वीकारावा आणि भाषांतराचे काम सचिवालयाने करावे. बाधित रहिवाशांच्या ठराविक संख्येच्या, पडताळलेल्या सह्या असतील तर सदस्याच्या स्वाक्षरीची अट शिथिल करावी. मुखत्यारनाम्याचे तत्त्व हेच सांगते. प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि तारीख मिळावी, संबंधित खात्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि शिफारस मानावयाची नसल्यास मंत्र्याने त्याची कारणे सभागृहात सांगावीत. ब्रिटनच्या ज्या पार्लमेंटने पुण्याची मागणी अमान्य केली, तेथे आता दहा हजार सह्यांच्या अर्जाला सरकार उत्तर देते आणि एक लाख सह्या झाल्यास तो अर्ज चर्चेसाठी विचारात घेतला जातो. निम्मे काम नागरिकांचेही आहे. संतापाने लिहिलेल्या शंभर ओळींपेक्षा गल्लीगल्लीतून जमविलेली माहिती आणि पन्नास शेजाऱ्यांची विचारपूर्वक दिलेली सही यांचे वजन अधिक असते. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना हे काम सहज साधण्यासारखे आहे.

काकांना मताधिकार नव्हता, लोकप्रतिनिधी नव्हता आणि उत्तराची हमीही नव्हती. पहिल्या दोन गोष्टी स्वतंत्र भारताने आपल्या नागरिकाला दिल्या. तिसरी द्यावयाची राहिली आहे.