कोकण गांधी अप्पासाहेब पटवर्धन : हाताला काम आणि कामाला मान

कणकवलीत महामार्गावरचा अप्पासाहेब पटवर्धन चौक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. एसटी कुठे थांबते, रिक्षा कुठे मिळते हे सांगताना मुलं या चौकाचं नाव सहज घेतात. पण हे अप्पासाहेब कोण, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. फार तर कुणीतरी सांगतं, स्वातंत्र्यसैनिक होते. ते होतेच. पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचं शिक्षण आणि त्यांचा रोजगार यांचा विचार करताना या माणसाचं आयुष्य आणखी एका कारणासाठी वाचायला हवं. म्हणून या पाठात त्यांची ओळख करून घेऊ.

जन्म, शिक्षण आणि प्राध्यापकी

अप्पासाहेबांचं पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. जन्म ४ नोव्हेंबर १८९४. तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ला, कणकवली हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा आणि सावंतवाडीला संस्थान होतं. म्हणजे अप्पासाहेबांची कर्मभूमी म्हणून जुन्या पुस्तकांत रत्नागिरी जिल्हा लिहिलेला दिसला, तर त्यात आपलाही भाग आला, हे मुलांना आधी सांगावं लागतं.

घर ब्राह्मणाचं, डोकं हुशार. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाचं उच्च शिक्षण पूर्ण केलं आणि पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या एस. पी. कॉलेजात, शिकवायला लागले. त्या काळात कोकणातल्या मुलाने पुण्यात प्राध्यापक होणं म्हणजे घरादाराचं भाग्य उजळलं असंच लोक समजायचे. पण अप्पा तिथे फार काळ रमले नाहीत. गांधीजींच्या विचारांनी ओढले गेले आणि नोकरी सोडून साबरमतीच्या आश्रमात गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा जो मराठी अनुवाद आपल्याकडे घरोघरी वाचला जातो, तो याच सीताराम पुरुषोत्तम पटवर्धनांनी केलेला आहे. आपल्या शाळेच्या कपाटात प्रत असेल तर पहिलं पान उघडून मुलांना नाव दाखवा.

पुढे ते कोकणात परत आले. खादी, राष्ट्रीय शिक्षण, अस्पृश्यता निवारण ही कामं त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात चालवली. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आपल्या भागात वेंगुर्ल्याजवळचं शिरोडं हे मोठं केंद्र होतं. तिथे मिठागरं आहेत, म्हणून ती जागा निवडली गेली. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, हा धागा मराठीच्या तासाला जोडता येतो. या चळवळींत अप्पासाहेब उतरले आणि तुरुंगातही गेले.

तुरुंगातली मागणी

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग १९३२ च्या शेवटचा. अप्पा तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्या काळी तुरुंगात सुद्धा जात बघून काम दिलं जायचं. संडास साफ करण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच. अप्पांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली की हे काम मला द्या. ब्राह्मण कैद्याला ते काम देणं नियमात बसत नाही, म्हणून नकार मिळाला. तेव्हा त्यांनी निषेध म्हणून आपला आहार कमी केला.

गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. काही आठवड्यांपूर्वीच, सप्टेंबर १९३२ मध्ये, पुणे करार झाला होता. अप्पांची बातमी कळल्यावर गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबरला उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करण्याचं कबूल केल्यावर दुसऱ्या दिवशी ते थांबलं, आणि पुढे स्वेच्छेने हे काम मागणाऱ्या कैद्यांसाठी वाट मोकळी झाली.

मुलांना हा प्रसंग सांगताना आपण बऱ्याचदा एक चूक करतो. किती मोठं मन, किती साधेपणा, असं म्हणून थांबतो. खरं तर यात मनाच्या मोठेपणापेक्षा एका नियमाची गोष्ट आहे. घाण साफ करायला कुणी ना कुणी लागतंच. प्रश्न हा की ते कुणी करायचं हे जन्मावर का ठरावं? अप्पांनी त्या नियमावर बोट ठेवलं.

गोपुरी : काम हीच शाळा

स्वातंत्र्यानंतर अनेक कार्यकर्ते राजकारणात गेले. अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीजवळ वागदे इथे, गड नदीच्या काठी, गोपुरी आश्रम सुरू केला. नावातच गाय आहे. गाय जिवंत असताना दूध, शेण, शेतीला बैल, आणि मेल्यावर कातडं, हाडं, शिंगं. यातलं काहीच वाया जाऊ नये आणि त्या प्रत्येकातून गावातल्या हातांना काम मिळावं, असा हिशेब.

आश्रम म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर भजन आणि झाडाखाली बसलेले साधू येतात. गोपुरीत मेलेली जनावरं सोलली जात होती, कातडी कमावली जात होती, आणि अप्पासाहेब स्वतः हातात सुरी घेऊन हे काम करत होते. एकेकाळचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक ढोर सोलतो, हे तेव्हाच्या कोकणात किती जणांना रुचलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

या कामातलं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. जनावर मेल्यावर कातडं लवकर आणि नीट, सुरीचे घाव न पडू देता काढलं, तरच त्याला किंमत येते. मग ते चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढायचे, आणि हिरड्यासारख्या फळांच्या किंवा झाडांच्या सालींच्या पाण्यात कमवायचं. त्यातलं टॅनिन कातड्यात शिरलं की ते कुजत नाही. हाडामांसाचं खत होतं. म्हणजे जे ओढून गावाबाहेर टाकून दिलं जायचं, त्यातून चप्पल, मोट, खत आणि चार माणसांची मजुरी निघू शकते. आठवीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारी शिकवताना चुन्याची निवळी दाखवतो ना आपण, तिथे हे उदाहरण सांगून बघा.

दुसरं काम संडासाचं. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत जावी यासाठी नुसतं भाषण करून भागत नाही, मैला वाहावाच लागणार नाही असा संडास हवा, हे अप्पांनी ओळखलं. स्वस्त, सोपे, गावच्या गवंड्याला बांधता येतील असे संडास त्यांनी प्रचारात आणले. दोन खड्ड्यांचं तत्त्व आता सगळ्यांना माहीत आहे : एक खड्डा भरला की तो बंद करायचा, दुसरा वापरायचा, एक-दोन वर्षांनी पहिल्यातलं सगळं कुजून निर्धोक खत होतं. शेणाबरोबर संडासही गॅसच्या टाकीला जोडायचा प्रयोग त्यांनी केला. त्यावर चूल पेटवायची म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. पण पुढे देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी हेच काम वाढवलं आणि आपल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचं नाव दिलं. डॉ. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

२०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला, हे आपण अभिमानाने सांगतो. ते यश आपल्या ग्रामपंचायतींचं आणि बचत गटांतल्या बायांचं आहेच. पण संडास हा विषय चारचौघांत बोलायची सुद्धा लाज वाटायची, त्या काळात अप्पा गावोगाव त्यावर बोलत होते, हेही सांगायला हवं.

एक अवघड प्रश्न

आता या पाठातला खरा कठीण भाग. तो गाळून शिकवणं सोपं आहे, पण गाळू नये.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. कोकणातल्या अनेक गावांत महारांनी ते काम सोडलं. त्यासाठी त्यांना बहिष्कार आणि मार सुद्धा सोसावा लागला. त्यांच्या दृष्टीने हे काम म्हणजे रोजगार नव्हता, गळ्यातला दोर होता. अशा वेळी कुणी येऊन सांगू लागला की सगळी कामं सारखीच पवित्र, तर त्याचा अर्थ तुम्ही आहात तिथेच राहा, असाही होऊ शकतो. आंबेडकरी विचाराचा हा आक्षेप आजही खरा आहे, आणि आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरात तो जिवंत अनुभव आहे.

अप्पासाहेबांनी याला दिलेलं उत्तर त्यांच्या कृतीत आहे. ज्यांनी काम सोडलं त्यांना परत करा म्हणून त्यांनी सांगितलं नाही. सोडलेलं काम त्यांनी स्वतः उचललं. गावातल्या सगळ्यांचं जे काम आहे ते सगळ्या जातींनी करावं, आणि ज्याला यातून पोट भरायचंय त्याने ते शिकून, योग्य मजुरी घेऊन करावं, असा त्यांचा आग्रह. एका ब्राह्मणाने सोलायला सुरुवात केली म्हणून गावची जात मोडली, असं काही झालं नाही. त्यांच्या मागे हातात सुरी घेणारे सवर्ण थोडेच निघाले. पण रस्ता कुठे अडतो, हे त्यांच्या प्रयोगामुळे स्वच्छ दिसलं. कौशल्य शिकवणं सोपं असतं, त्या कौशल्याला चिकटलेलं आडनाव सोडवणं फार कठीण.

दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. कोण बरोबर, हे तासाच्या शेवटी आपण ठरवून द्यायची गरज नाही.

आजच्या सिंधुदुर्गात

आपला जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगला. मुलगा दहावी झाला की मुंबईची वाट. आधी गिरण्या, मग हॉटेलं, आता मॉल आणि डिलिव्हरी. गणपतीला चाकरमानी येतो आणि पाच-सात दिवसांत घराला पुन्हा कुलूप. इथे काहीच नाही, हे वाक्य आपण पालक आणि शिक्षकच मुलांसमोर इतक्यांदा बोलतो की त्यांना ते पाठ होतं.

इथे काय आहे ते बघू. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अशा जाती दिल्या की त्या देशभर लावल्या जातात. कुडाळजवळ झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गावोगाव गोबर गॅस नेला, आणि टाकी बांधणारा गवंडी म्हणजे एक रोजगारच. कोकम, मासळी, बांबू, घरगुती निवास-न्याहारी, बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री. मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत, दालदी, ख्रिस्ती, भंडारी अशा किती समाजांची घरं समुद्रावर आणि माडांवर चालतात.

पण शाळेत आपण काय करतो? गाबीत मुलगा अभ्यासात मागे पडला की मासेच मारणार आहेस म्हणून त्याला टाकून बोलतो. आयटीआयला गेलेल्या मुलाबद्दल घरी हळू आवाजात बोललं जातं. मुलगी नर्सिंगला चालते, पण होडीचं इंजिन शिकायचं म्हणाली तर हसतात. जातीने काम ठरवायचा जुना नियम कागदावरून गेला, आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. अप्पासाहेब आज असते तर वर्गातल्या नापास मुलांना कार्यानुभवाला पाठवून हुशारांना शिकवणीला पाठवणाऱ्या शाळेत ते फार वेळ थांबले नसते, असं मला वाटतं.

वर्गात काय करता येईल

१. मुलांना आपल्या वाडीतल्या दहा कामांची यादी करायला सांगा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या : हे काम कोण करतं, त्यात कोणतं शास्त्र लागतं, आणि महिन्याला किती मिळतं. यादीवर मग चर्चा घ्या.

२. शाळेचे संडास कोण साफ करतं, हे मुलांना शोधू द्या. त्या व्यक्तीला वर्गात मानाने बोलावून तिच्या कामाविषयी, मजुरीविषयी ऐका. सफाईची पाळी लावायची झाली तर ती सगळ्यांची लावा, शिक्षकांसकट, आणि हातमोजे, फिनेल यांची सोय आधी करा. शिक्षा म्हणून हे काम कधीही देऊ नका. शिक्षा म्हणून दिलं की सगळा पाठ उलटा होतो.

३. नववी-दहावीच्या मुलांना वागद्याला गोपुरीत घेऊन जा. कणकवलीपासून ते अगदी जवळ आहे. जाण्याआधी अप्पांचा तुरुंगातला प्रसंग आणि महाडची परिषद, दोन्ही वाचून घ्या.

४. पालक सभेत एक विषय फक्त एवढाच ठेवा : आपलं मूल गावातच राहून काम करायचं म्हणालं, तर आपण काय म्हणू?

अप्पासाहेबांचं निधन १० मार्च १९७१ ला झालं. मार्च महिना शाळेत परीक्षांच्या गडबडीचा असतो, त्यामुळे पुण्यतिथी राहून जाते. चार नोव्हेंबरचा जन्मदिवस बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो. म्हणून तारखेची वाट न बघता, कार्यानुभवाच्या पहिल्याच तासाला हा पाठ घ्यावा असं सुचवते. आपल्या शाळेत घेतलात तर मुलांनी केलेली कामांची यादी जरूर कळवा. मालवणच्या आणि दोडामार्गच्या मुलांच्या याद्या शेजारी ठेवून बघायला आवडेल.