हकीमसाहेब आणि सर्पगंधेचे मूळ

रमजान लागला की गोखिवऱ्यात आमच्या गल्लीत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. आज इफ्तार किती वाजता, हा पहिला. दुसरा हळू आवाजात येतो, तरावीहनंतर चपला घालताना. घरात कुणाला तरी उदासीवर गोळी चालू असते. त्यात छातीत धडधड, घाबरेपणा, झोप उडणे सुरू होते आणि डॉक्टर आणखी एक गोळी लिहून देतात. मग विचारणा होते की मनाच्या आजाराला दोन-दोन गोळ्या कशाला, आणि रोजे धरायचे म्हणून त्या महिनाभर बंद केल्या तर चालेल का. मी भाषा शिकवणारा माणूस. औषधाबद्दल सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण असे कुणी विचारले की मला हकीम अजमल खान आठवतात.

अजमल खान यांचा जन्म 1868 चा, दिल्लीचा. बल्लीमारान भागातली शरीफ मंझिल ही त्यांच्या घराण्याची हवेली. मुघल काळापासून या घरात हकिमी चालत आलेली. लहानपणी त्यांनी कुरआन मुखोद्गत केला, अरबी-फारसी शिकले आणि युनानी वैद्यक वडील व थोरल्या भावांकडून घेतले. 1892 मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. काही वर्षांनी दोन्ही भाऊ वारले आणि भावाने सुरू केलेल्या तिब्बिया मदरशाची जबाबदारी त्यांच्यावर आली. ते दिल्लीला परतले ते कायमचेच.

दिल्लीच्या दवाखान्यात ते रोग्याकडून फी घेत नसत. बाहेरगावी कुणा राजा-नवाबाकडे जावे लागले तर मात्र दिवसाला हजार रुपये, आणि त्यातला मोठा वाटा संस्थांवर खर्च होई. 1909 मध्ये त्यांनी स्त्रियांना सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी शाळा काढली. पडद्यातल्या बाईची नाडी परक्या पुरुषाला पाहू द्यायची नाही, हा रिवाज जुना. त्यामुळे किती जणी उपचाराविना जातात, हे त्यांनी घरोघर पाहिले होते.

त्याच सुमारास वैद्य-हकिमांवर संकट येऊ लागले. सरकारी नोंदणीत फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना जागा मिळावी, असा तो रेटा होता. आपल्या मुंबई इलाख्यात 1912 मध्ये तसा कायदाही झाला. अजमल खान यांनी 1910 मध्येच वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली होती. पण जुने ते सगळे सोने, असा त्यांचा हट्ट नव्हता. 1911 मध्ये ते युरोपात गेले, तिथली रुग्णालये पाहिली. परतल्यावर दिल्लीच्या करोलबागेत जे कॉलेज उभे राहिले, त्यात आयुर्वेद आणि युनानी एका छपराखाली आले आणि सोबत शरीररचना व शस्त्रक्रियाही शिकवली जाऊ लागली. 1916 मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी त्याची कोनशिला बसवली आणि 13 फेब्रुवारी 1921 रोजी गांधीजींनी उद्घाटन केले.

या पाच वर्षांत देश बदलला, हकीमसाहेबही बदलले. असहकाराच्या काळात, 1920 मध्ये त्यांनी सरकारने दिलेला किताब परत केला. लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसचे निर्वाचित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा ती खुर्ची अजमल खान यांनी सांभाळली. हिंदू-मुसलमान दोघांनाही जवळचा वाटणारा माणूस म्हणून त्यांचे नाव पुढे आले होते. 29 डिसेंबर 1927 रोजी रामपूर येथे त्यांचे निधन झाले.

इथे चरित्र संपते, पण आपल्या गल्लीतल्या प्रश्नाचे उत्तर पुढेच आहे.

जुन्या वैद्यकाची औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, ही हकीमसाहेबांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुणाच्या जर्मनीतल्या शिक्षणाला मदत केली होती. तो परतला आणि तिब्बिया कॉलेजात संशोधनाला बसला. त्याने हाती घेतले सर्पगंधेचे मूळ. आपल्या सह्याद्रीच्या ओलसर रानातही ही वनस्पती आढळते. युनानीत हिला असरोल म्हणतात. उन्माद, निद्रानाश यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. 1931 मध्ये सिद्दीकींनी त्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि मरहूम हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले अजमलिन. ते पुढे हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात उपयोगी पडले.

1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवरचे सर्पगंधेचे परिणाम ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन वेगळे झाले. दोन वर्षांत ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोहोचले आणि वर्षानुवर्षे अस्वस्थ असलेले रोगी शांत होऊ लागले. मनाच्या आजारावर गोळी असू शकते, हे जगाला ज्या पहिल्या औषधांनी दाखवले, त्यांत हे एक.

मग उलट्या बातम्या आल्या. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रोगी खिन्न झाले, काही तर जिवावर उदार झाले. त्याच सुमारास, 1955 मध्ये लंडनमधल्या एका चाचणीत मात्र चिंता आणि नैराश्य दोन्ही असलेल्या रोग्यांना त्याच औषधाने बरे वाटल्याचे दिसले. रिसर्पिनने खरोखर नैराश्य येते का, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. पण या गोंधळातूनच मेंदूतल्या सिरोटोनिनसारख्या द्रव्यांकडे लक्ष गेले आणि नैराश्यावरच्या आजच्या औषधांचा विचार पुढे सरकला.

युनानीत मालीखोलिया नावाचा जुना आजार आहे. अकारण भीती आणि खिन्नता ही त्याची दोन्ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत. म्हणजे उदासी आणि घाबरेपणा हातात हात घालून येतात, हे जुन्या हकिमांनीही पाहिले होते. आज नैराश्यावर दिली जाणारी बरीच औषधे चिंतेवरही चालतात. त्यामुळे पुष्कळदा एकच गोळी दोन्ही कामे करते. मात्र तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत काहींची बेचैनी वाढतेही. तेवढ्या काळापुरती डॉक्टर कधी कधी शांत करणारी दुसरी गोळी जोडतात. तिचा परिणाम तासाभरात जाणवतो, म्हणूनच ती आवडू लागते. ती फार दिवस घेतली तर सवय लागते, आणि नैराश्य काही तिने बरे होत नाही. सवय लागल्यावर ती एकदम सोडली तर झटकेही येऊ शकतात. कुणाला दोन्ही द्यायच्या, कुणाला एकच, हे ठरवताना डॉक्टर वय, गरोदरपण, यकृत, इतर औषधे, व्यसन, झोप सगळे पाहतात. शेजारणीला लागू पडलेली गोळी म्हणूनच मागून घ्यायची नसते.

आता रोजाचे. आजारी माणसाला कुरआनानेच सवलत दिली आहे. रोजे नंतर धरता येतात आणि आजार लांबणारा असेल तर फिदया देता येतो. मनाचा आजार हाही आजारच आहे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी डॉक्टर बहुधा इफ्तार किंवा सहरीच्या वेळेला हलवून देतात. काही औषधांना मात्र दिवसभर पाण्यावाचून राहणे धोक्याचे ठरते. लिथियम त्यांपैकी एक. म्हणून रमजानचा चांद दिसायच्या आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे. ते राहून गेले असेल तर उद्या सकाळी विचारावे, पण गोळी मनाने थांबवू नये. मन फारच खचले, मरणाचे विचार येऊ लागले तर 14416 या टेलिमानसच्या विनाशुल्क क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

मागच्या आठवड्यात चपला घालताना एका गृहस्थांनी हेच विचारले. मी त्यांना हकीमसाहेबांची ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की लेकीला घेऊन उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जातो, आणि या वेळी दोन्ही गोळ्यांची पाकिटे सोबत नेतो.