पंख होते, शेपटी नव्हती : अब्बास इब्न फिरनास

गेल्या वर्षी विज्ञान दिनाला आमच्या सातवीच्या मुलांनी अब्बास इब्न फिरनास यांच्यावर एक चार्ट केला. मजकूर आम्हीच सांगितला होता. राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी एक मुस्लिम शास्त्रज्ञ १० मिनिटं आकाशात उडाला, असं त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं. मोबाइलवर फिरणारा हा मेसेज तुम्हालाही आला असेलच. चार्ट भिंतीवर लागला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की सर, १० मिनिटं झाली हे मोजलं कोणी?

आम्ही गप्प. घरी येऊन पुस्तकं काढली. ज्या अरबी इतिहासग्रंथातून ही हकिगत आपल्यापर्यंत आली, त्यात मिनिटं दिलेलीच नाहीत. त्या निमित्ताने या माणसाची खरी हकिगत वाचायला मिळाली, आणि ती त्या मेसेजपेक्षा कितीतरी सरस निघाली. ती मुलांना सांगायलाच हवी.

इब्न फिरनास नवव्या शतकातले. जन्म अंदलुसमधल्या रोंदा भागातला, म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनमधला. घराणं बर्बर वंशाचं. आयुष्य गेलं कुर्तुबा शहरात. उर्दू वाचणाऱ्या घरांत हे नाव इक्बाल यांच्या कवितेमुळे ओळखीचं आहे, नकाशात ते कॉर्डोबा म्हणून सापडेल. तिथे उमय्या घराण्याचे अमीर राज्य करत होते. दमिश्कमधली सत्ता गेल्यावर या घराण्यातले अब्दुर्रहमान जीव वाचवून पळाले आणि ७५६ साली त्यांनी कुर्तुब्यात नवं राज्य उभं केलं. गावाबाहेर त्यांनी बाग आणि वाडा बांधला आणि त्याला आजोबांच्या शामदेशातल्या वाड्याचंच नाव दिलं, रुसाफा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरबारात इब्न फिरनास यांची ओळख मुळात शायर म्हणून होती. एकदा पूर्वेकडून खलील बिन अहमद यांचा छंदशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि तो कोणालाच उलगडेना. इब्न फिरनास यांनी तो घेतला, एकट्याने वाचला आणि बाकीच्यांना समजावून दिला, असं सांगतात. आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्याला हा किस्सा उड्डाणाइतकाच आवडतो!

पण हा माणूस एका विषयावर थांबणारा नव्हता. दगडापासून काच बनवण्याची रीत अंदलुसमध्ये त्यांनी सुरू केली असं इतिहासकार लिहितात. नमाजच्या वेळा कळाव्यात म्हणून त्यांनी पाण्यावर चालणारं घड्याळ तयार केलं. ढगाळ दिवशी आणि रात्री सावलीचं घड्याळ कामाचं नाही, तिथे हे उपयोगी पडे. घरातल्या एका खोलीत तर त्यांनी आकाशच उभं केलं होतं. तारे, ढग, विजेचा लखलखाट, गडगडाट सगळं काही. बघायला आलेली माणसं थक्क होत. आज आपण मुलांना तारांगण दाखवायला मुंबईला नेतो, त्याचा हा फार जुना भाऊबंद म्हणायचा.

आता उड्डाण. साल ८७५ च्या सुमाराचं मानतात, म्हणजे तेव्हा ते चांगले वयस्कर होते. जागा रुसाफाची. त्यांनी अंगाला पिसं लावली, दोन पंख बांधले आणि उंचावर जाऊन स्वतःला हवेत झोकून दिलं. पडले नाहीत, बरंच अंतर तरंगत गेले. उतरताना मात्र जोरात आपटले आणि पाठीला चांगलाच मार बसला. ही हकिगत लिहिणारे अल-मक्करी सतराव्या शतकातले, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतरचे. मग विश्वास कसा ठेवायचा? तर इब्न फिरनास यांच्याच काळात मोमिन बिन सईद नावाचा दरबारी शायर होता. त्याचं आणि यांचं पटत नसे. त्याने या उडण्यावर एक शेर रचला आणि त्यात गिधाडाच्या पिसांचा उल्लेख आहे. काहीतरी घडलं, लोकांनी पाहिलं, म्हणूनच तर चेष्टा झाली. न पटणाऱ्या माणसाची साक्ष कधी कधी मित्राच्या साक्षीपेक्षा भक्कम असते.

आपटण्याचं कारणही अल-मक्करी देतात. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात हे इब्न फिरनास यांच्या लक्षात आलं नाही, शेपटी लावायची राहून गेली. कबूतर कठड्यावर उतरताना नीट बघा. अंग उभं करतं, पंख फडफडवतं आणि शेपटी पंख्यासारखी पसरतं. वेग मरतो आणि पाय अलगद टेकतात. पतंग गोते खायला लागला की पोरं त्याला कागदाची शेपटी चिकटवतात, तेही तोल राखण्यासाठीच. विमानाच्या मागच्या आडव्या पंखांचं मोठं काम हेच, नाक वर-खाली होताना तोल सांभाळणं.

नवल म्हणजे ११ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या माम्सबरी इथल्या एल्मर नावाच्या पाद्र्यानेही मनोऱ्यावरून अशीच उडी घेतली. त्याचे पाय मोडले, आणि त्यानेही दोष शेपटी नसण्यालाच दिला! दोन देश, दोन धर्म, चूक एकच. त्यानंतर जर्मनीच्या ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ पासून पंख बांधून सुमारे २,००० वेळा हवेत झेप घेतली. त्यांच्या यंत्राला शेपटी होती. तरी १८९६ मध्ये पडून त्यांचा जीव गेला. राइट बंधूंनी त्यांचं काम अभ्यासलं आणि १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनाच्या जोरावर उडाले. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं. तेव्हा राइट बंधूंना कमी लेखून इब्न फिरनास मोठे होत नाहीत. यांचं तरंगणं होतं, त्यांचं इंजिनाचं उडणं. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

अपघातानंतर इब्न फिरनास काही वर्षं जगले आणि ८८७ साली वारले. आज चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका विवराला त्यांचं नाव आहे. बगदादमध्ये त्यांचा पुतळा आहे. कॉर्डोबात वादी-अल-कबीर नदीवर, जिला स्पॅनिश लोक ग्वादलकिवीर म्हणतात, २०११ मध्ये त्यांच्या नावाचा पूल झाला आणि त्याच्या कमानी पंखांसारख्या आहेत. आपल्या कोकणातली बरीच मंडळी दुबईला असतात. तिथल्या इब्न बतूता मॉलमध्ये पंख लावलेला त्यांचा पुतळा छताला टांगलेला आहे. पुढच्या वेळी मुलांना दाखवा आणि शेपटी आहे का बघायला सांगा.

चार्ट आम्ही काढला नाही. १० मिनिटांच्या आकड्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्याच मुलीला तिथे काय लिहायचं ते ठरवायला सांगितलं. तिने लिहिलं, बरंच अंतर.