व्यंगचित्रांतून लढा पोहोचवणारे महाकवी भारती

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, पार्थसारथी मंदिराजवळच्या घरात तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये अखेरचा श्वास घेतला. त्यांची कविता सर्वतोमुखी झाली. चित्राचे सामर्थ्य ओळखणारा पत्रकार मात्र काहीसा विस्मृतीत गेला.

११ डिसेंबर १८८२ रोजी एट्टयपुरम येथे जन्मलेले भारती १९०४ मध्ये 'स्वदेशमित्रन्' दैनिकात दाखल झाले. १९०६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया' साप्ताहिकातून त्यांनी तमिळ पत्रकारितेत राजकीय व्यंगचित्र रुजवले. अग्रलेख वाचू न शकणाऱ्यालाही परकीय सत्तेशी चाललेला संघर्ष त्यातून उमगत असे. १९०७ च्या सुरत काँग्रेसला उपस्थित राहिलेले भारती लोकमान्य टिळकांच्या जहाल पक्षाचे खंदे समर्थक होते.

१९०८ मध्ये सरकारने 'इंडिया'वर कारवाई केली. संपादक म्हणून अधिकृत नोंद असलेले एम. श्रीनिवासन तुरुंगात गेले. खरे सूत्रधार भारती फ्रेंच अमलाखालील पुदुच्चेरीस पोहोचले. एकाच्या लेखणीची शिक्षा दुसऱ्याने भोगली, ही सल या इतिहासात कायम आहे. पुदुच्चेरीतूनही 'इंडिया' निघू लागला, तेव्हा ब्रिटिश हद्दीत त्यावर बंदी आली. वाचकच तुटल्याने १९१० मध्ये साप्ताहिक बंद पडले.

१९१८ मध्ये ब्रिटिश हद्दीत परतताच भारतींना अटक झाली. सुटकेनंतर ते पुन्हा 'स्वदेशमित्रन्'मध्ये रुजू झाले. १९२१ मध्ये पार्थसारथी मंदिरातील हत्तीच्या धडकेने ते जखमी झाले. त्यातून ते सावरले. मात्र त्याच वर्षी आजारपणात, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिरुवल्लिकेणीतील त्यांचे घर आज स्मारक आहे.